प्रकल्पलेखांचे न्याय्य गुणांकन आणि निकषपत्रक
(केंद्रसंमेलनातील व्याख्यानाचा मजकूर)



इयत्ता सातवीच्या वर्गास ‘गावातील विहिरींचे पाणी’ या विषयावर प्रकल्पलेख लिहावयास सांगितला आहे, अशी कल्पना करावी. मुदत संपते आणि शिक्षकांच्या टेबलावर चाळीस वह्या व फायली येऊन पडतात. सर्वांत वरच्या फायलीस चकचकीत वेष्टन आहे. आत रंगीत चित्रे चिकटविली आहेत, आणि संगणकावरून काढलेला सुबक मजकूर आहे. त्यात जलचक्र आहे, पाण्याचे महत्त्व आहे, पृथ्वीवरील गोड्या पाण्याचे प्रमाणही आहे. गावातील एकाही विहिरीचा मात्र उल्लेख नाही.

ढिगाच्या तळाशी एक साधी वही आहे. ती लिहिणाऱ्या मुलीने घरच्या वडील माणसास बरोबर घेऊन दिवाळीपासून होळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी गावातील सहा विहिरींच्या काठावरून दोरीला दगड बांधून सोडला, आणि पाणी किती हात खाली गेले हे पेन्सिलीने लिहून ठेवले. एका ठिकाणी रकाना रिकामा असून समोर लिहिले आहे की, त्या दिवशी आजीला दवाखान्यात न्यावे लागल्यामुळे मोजता आले नाही. शुद्धलेखनाच्या चुका पानोपानी आहेत. शेवटी चार ओळींत तिने म्हटले आहे की, ओढ्याकाठच्या दोन विहिरींचे पाणी इतर चार विहिरींपेक्षा सावकाश उतरले.

सायंकाळची वेळ, चाळीस वह्यांचा भार आणि दुसऱ्या दिवशी गुण भरून देण्याची घाई. अशा स्थितीत पहिल्या फायलीस वीसपैकी सतरा आणि शेवटच्या वहीस अकरा गुण पडले, तर त्यात नवल नाही. शिक्षकांचा हेतू वाईट असतो असेही नाही. परंतु ज्या मुलीने चार-साडेचार महिने मोजणी केली, तिला त्या अकरा गुणांनी एक धडा मिळतो. मोजण्यापेक्षा चिकटविणे श्रेयस्कर, हा तो धडा होय. आणि ज्याच्या घरी रंगीत कागदास पैसा नाही, त्या मुलास आणखी एक धडा मिळतो, की ही स्पर्धा त्याच्यासाठी नाहीच. गुणांकनाच्या न्याय्यतेचा प्रश्न महत्त्वाचा आहे तो एवढ्यासाठीच.

मतभेदाचे मूळ

परीक्षकांच्या गुणदानात यदृच्छेचा भाग किती असतो, या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. एजवर्थ या इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञाने १८८८ साली परीक्षांच्या संख्याशास्त्रावर निबंध लिहून तो प्रथम शास्त्रीय रीतीने मांडला. पुढे १९१२ साली अमेरिकेत स्टार्च व एलियट या दोघांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक शाळांतील शिक्षकांकडे पाठविल्या. तिला कोणी शंभरापैकी ६४ गुण दिले, तर कोणी ९८. भाषेच्या विषयात असे होणारच, गणितात होणार नाही, असा आक्षेप निघाला. म्हणून त्यांनी पुढील वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका पाठविली. तिचे गुण तर तिसाच्या खालपासून नव्वदीच्या वरपर्यंत पसरले.

भारतातील प्राथमिक शिक्षकांस सर फिलिप हार्टॉग यांचे नाव १९२९ सालच्या समितीमुळे परिचित आहे. प्राथमिक शिक्षणातील अपव्यय आणि स्थगन यांकडे त्या समितीने लक्ष वेधले होते. याच हार्टॉग यांनी ऱ्होड्स यांच्या सहकार्याने १९३५ साली परीक्षांचीच परीक्षा घेणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील इतिहासाच्या उत्तरपत्रिकांचा प्रयोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पूर्वी समान गुण मिळालेल्या पंधरा उत्तरपत्रिका अनुभवी परीक्षकांनी तपासल्या. एका वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर त्यांपैकी चौदा परीक्षकांनी त्याच उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. अनुत्तीर्ण, उत्तीर्ण किंवा विशेष श्रेणी, असा निर्णय एकूण २१० वेळा द्यावयाचा होता. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच पूर्वीचा निर्णय बदलला. दोन परीक्षकांचे जुळत नाही ही गोष्ट समजण्यासारखी आहे. परंतु एकाच परीक्षकाचे स्वतःशीही जुळत नाही, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

असे का व्हावे, याचे उत्तर १९६१ साली डीडरिक, फ्रेंच व कार्लटन यांनी अमेरिकेत केलेल्या अभ्यासात सापडते. त्यांनी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ३०० निबंध निरनिराळ्या व्यवसायांतील ५३ वाचकांस दिले आणि नऊ श्रेणींत लावण्यास सांगितले. निकष मुद्दामच सांगितले नव्हते. शंभरापैकी ९४ निबंधांना किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. परंतु संशोधक तेथेच थांबले नाहीत. वाचकांच्या गुणांची व शेऱ्यांची छाननी केली असता असे दिसले की, त्यांचे पाच गट पडतात. कोणी विचारांकडे पाहत होता, कोणी मांडणीच्या क्रमाकडे, कोणी शैलीकडे, कोणी शुद्धलेखन-व्याकरणाकडे, तर कोणी शब्दयोजनेकडे.

यावरून निघणारा बोध असा. परीक्षक निष्काळजी असतात म्हणून गुण भिन्न पडतात असे नव्हे. प्रत्येकाच्या मनातील तराजू वेगळा असतो आणि तो कोणी बोलून दाखविलेला नसतो. न बोललेला तराजू विद्यार्थ्यास तर मुळीच दिसत नाही. त्यात आणखी एका दोषाची भर पडते. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली दाखविले की, माणसाच्या एका गुणाविषयी झालेले अनुकूल मत त्याच्या इतर गुणांच्या मोजमापावरही पसरते. वर्गात हुशार समजल्या जाणाऱ्या मुलाची वही हाती येताच शिक्षकांची लेखणी सैल होते. मागील बाकावरच्या मुलाच्या वहीवर तीच लेखणी आखडते. सुवाच्य अक्षर, वहीचे वेष्टन, नुकतीच तपासलेली आधीची वही आणि तपासणाऱ्याचा थकवा या साऱ्यांचे ओझे त्या गुणांवर पडते.

निकषपत्रकाचे स्वरूप

यावर शिक्षणक्षेत्रात जो उपाय रूढ झाला, त्यास इंग्रजीत रुब्रिक म्हणतात. ‘तांबडा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो आला. युरोपातील हस्तलिखितांत शीर्षके व सूचना तांबड्या शाईने लिहीत, त्यावरून हे नाव पडले. इकडील जुन्या पोथ्यांतही ‘उवाच’ची आणि अध्यायसमाप्तीची अक्षरे तांबड्या शाईने लिहिण्याची चाल आढळते. मराठीत निकषपत्रक हा शब्द पुरेसा आहे.

निकषपत्रकाचे भाग तीन. पहिला, कामात काय पाहावयाचे त्या निकषांची यादी. दुसरा, प्रत्येक निकषाचा गुणभार. तिसरा, आणि हाच खरा प्राण होय, प्रत्येक पायरीवरचे काम कसे दिसते याचे शब्दांत वर्णन. नुसते ‘संकलन : ६ गुण’ असे लिहिल्याने निकषपत्रक होत नाही, ती केवळ गुणांची विभागणी होते. सहा गुण केव्हा आणि चार केव्हा, हे वाचून दोन अपरिचित शिक्षकांस सारखेच उमगले पाहिजे.

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत या साधनाची गरज विशेष आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे तत्त्व घालून दिले, आणि २०१० साली राज्यात ती पद्धत सुरू झाली. तीत आकारिक मूल्यमापनाच्या साधनांमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्या बरोबरीने प्रकल्पासही स्थान मिळाले. चाचणीतील उत्तरास बरोबर किंवा चूक म्हणता येते. प्रकल्पास तसे म्हणता येत नाही. म्हणून जेथे प्रकल्पाचे गुण आले, तेथे निकषपत्रक ओघानेच आले.

एक नमुना

‘गावातील विहिरींचे पाणी’ याच प्रकल्पासाठी वीस गुणांचे पत्रक पुढीलप्रमाणे करता येईल.

१. प्रश्न (३ गुण). स्वतःच्या गावाविषयी, उत्तर शोधता येईल असा नेमका प्रश्न मांडला असल्यास ३. प्रश्न आहे पण मोघम असल्यास २. केवळ विषयाचे नाव असल्यास १.

२. माहितीचे संकलन (६ गुण). माहिती स्वतः पाहून, मोजून किंवा विचारून घेतली आहे. नोंदीत दिनांक, ठिकाण व मोजण्याची रीत आहे. राहून गेलेली नोंद राहिली असे स्पष्ट लिहिले आहे, अशा कामास ६. माहिती स्वतः घेतली, पण नोंदी तुटक किंवा रीत अस्पष्ट असल्यास ४. माहिती सर्वस्वी पुस्तकातून किंवा छापील मजकुरातून उतरविली असल्यास २.

३. निष्कर्ष (६ गुण). निष्कर्ष नोंदींवरून निघतो, कोणत्या नोंदीवरून निघतो हे सांगितले आहे आणि त्याचे संभाव्य कारणही सुचविले आहे, तर ६. निष्कर्ष नोंदींशी जुळतो, पण कारणाचा विचार नाही, तर ४. निष्कर्ष सर्वसामान्य असून नोंदींशी त्याचा संबंध नाही, तर २.

४. मांडणी व भाषा (३ गुण). क्रम, तक्ता किंवा आकृती, वाचनीयता आणि शुद्धलेखन ही सर्व नीट असल्यास ३. काही ठिकाणी अडखळावे लागल्यास २. वारंवार अडखळावे लागल्यास १.

५. श्रेयनिर्देश (२ गुण). कोणत्या व्यक्तींनी व पुस्तकांनी माहिती दिली ते पूर्णपणे लिहिले असल्यास २, अर्धवट असल्यास १, मुळीच नसल्यास शून्य.

आता आरंभीच्या दोन कामांस हे पत्रक लावून पाहावे. चकचकीत फायलीत केवळ विषयाचे नाव आहे, म्हणून १. मजकूर उतरविलेला, म्हणून २. निष्कर्ष सर्वसामान्य, म्हणून २. मांडणी उत्तम, म्हणून पूर्ण ३. मजकूर कोठून घेतला याचा निर्देश नाही, म्हणून शून्य. एकूण ८. साध्या वहीत कोणत्या विहिरीचे पाणी आधी खाली जाते, हा नेमका प्रश्न आहे, म्हणून ३. नोंदी स्वतः घेतलेल्या आणि राहिलेली नोंदही प्रामाणिकपणे सांगितलेली, म्हणून ६. निष्कर्ष नोंदींशी जुळतो पण कारण दिलेले नाही, म्हणून ४. भाषेत वारंवार अडखळावे लागते, म्हणून १. बरोबर कोण आले आणि विहिरी कोणाच्या, हे लिहिले आहे, म्हणून २. एकूण १६.

येथे फायलीवर अन्याय झालेला नाही. तिच्या सुबकपणाचे पूर्ण गुण तिला मिळाले. सुबकपणाने संकलनाचे गुण तेवढे नेले नाहीत. त्याचप्रमाणे वहीच्या अशुद्ध लेखनाकडे डोळेझाक झालेली नाही. त्याचे गुण गेले, पण एकदाच गेले. एकच उणीव तीन निकषांत मोजून तीनदा गुण कापणे, हा तपासणीतील सर्वांत सहज घडणारा अन्याय होय. ज्या मुलांच्या घरी अहिराणी, गोंडी, पावरी किंवा अन्य बोली बोलली जाते, त्यांच्या बाबतीत ही दक्षता विशेष घ्यावी. प्रमाणभाषेतील चूक भाषेच्या निकषातच मोजावी. विचार खरा असेल तर तो कोणत्याही बोलीत खराच असतो.

उपयोगाची रीत

निकषपत्रक तपासणीच्या दिवशी कपाटातून काढावयाचे नसते. ते प्रकल्प देतानाच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, निदान फळ्यावर लिहून वर्गात मोठ्याने वाचावे. काय पाहिले जाणार आहे हे मुलास अगोदर कळले, की त्याचे लक्ष रंगीत कागदावरून विहिरीकडे वळते. मागील वर्षीच्या दोन-तीन वह्या, नावे झाकून, वर्गास दाखवाव्या आणि त्या कोणत्या पायरीवर बसतात हे मुलांनाच ठरवू द्यावे. या एका तासात पत्रकातील शब्दांचा अर्थ जितका स्पष्ट होतो, तितका चार वेळा समजावून सांगूनही होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपुस्तकात विद्यार्थ्याच्या स्वयंमूल्यमापनास व सहाध्यायींनी केलेल्या मूल्यमापनास स्थान द्यावे असे सुचविले आहे. त्याचा पाठ असाच सुरू होतो.

तपासताना वहीचे पहिले पान उलटून ठेवावे आणि नावाऐवजी क्रमांकाची चिठ्ठी लावावी. लहान शाळेत शिक्षक अक्षरावरूनच मुलास ओळखतात हे खरे. तरीही नाव समोर नसले तर मन थोडे मोकळे राहते. दुसरी गोष्ट, एक वही पूर्ण तपासून दुसरी घेण्याऐवजी सर्व वह्यांतील एकच निकष आधी तपासावा आणि मग पुढचा. त्यामुळे एका निकषाचा प्रभाव दुसऱ्यावर पडत नाही, आणि पहिल्या व चाळिसाव्या वहीस एकच माप लागते.

तिसरी गोष्ट केंद्राने करावयाची आहे. शिक्षण परिषदेच्या दिवशी पाच वह्यांच्या प्रती काढून दोन शाळांतील शिक्षकांनी त्या स्वतंत्रपणे तपासाव्या आणि मग गुण शेजारी मांडावे. जेथे अंतर पडेल तेथे कोणाचे चुकले असा वाद न घालता पत्रकातील कोणता शब्द संदिग्ध होता ते शोधावे आणि तो शब्द बदलावा. एकशिक्षकी शाळेत दुसरा परीक्षक नसतो. तेथे शिक्षकाने तपासलेल्या पाच वह्या आठ दिवसांनी पूर्वीचे गुण न पाहता पुन्हा तपासाव्या. हार्टॉग यांनी जे केले, त्याचीच ही घरगुती आवृत्ती होय.

शेवटी, गुणांबरोबर एक वाक्य लिहावे. ‘ओढ्याकाठच्या विहिरी सावकाश का आटल्या, हे आता शोध,’ एवढे वाक्य त्या मुलीस पुढच्या उन्हाळ्याचे काम देते. वर्णनात्मक नोंदींसाठी निराळे शब्द शोधण्याचीही मग गरज उरत नाही. पत्रकातील पायऱ्यांची वर्णने तेथे आधार देतात. गुण कमी का पडले असे विद्यार्थ्याने विचारल्यास पत्रकावर बोट ठेवून उत्तर देता यावे. आणि चूक शिक्षकांची ठरल्यास ती तेथेच दुरुस्त करावी. त्याने अधिकार घटत नाही.

काही मर्यादा

निकषपत्रक हे साधन आहे. ते शिक्षकांच्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही. बारा-पंधरा निकषांचे पत्रक कोणी वापरीत नाही; प्राथमिक शाळेस चार-पाच पुरेत. मोजता येते तेवढेच लिहिण्याचा मोह टाळावा. ‘किमान पाच चित्रे, किमान दहा पाने’ असे लिहिले, की मुले पाच चित्रे व दहा पाने भरतात आणि विहीर विसरतात. दुसऱ्या शाळेचे पत्रक जसेच्या तसे उचलणेही योग्य नव्हे. विहिरींच्या पाहणीचे निकष लोकगीतांच्या संग्रहास लागू पडत नाहीत. कधी कधी एखादे मूल असे काही करते की, ते कोणत्याच रकान्यात मावत नाही. अशा वेळी शेऱ्यात त्याची मोकळेपणाने नोंद करावी आणि पुढील वर्षी पत्रकच सुधारावे.

आणखी एक गोष्ट उघडपणे सांगितली पाहिजे. प्रकल्प घरच्या मोठ्या माणसांनी किंवा बाजारातून करून आणल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते. निकषपत्रकाने ती आपोआप नाहीशी होणार नाही. परंतु अधिक गुण स्वतःच्या नोंदीस आणि नोंदीवरून काढलेल्या निष्कर्षास आहेत, हे एकदा गावात माहीत झाले, की विकत आणलेल्या फायलीचा भाव उतरतो. त्यास पाच मिनिटांच्या तोंडी प्रश्नांची जोड द्यावी. ‘ही विहीर कशी मोजलीस?’ या प्रश्नाचे उत्तर ज्याने मोजली त्यालाच देता येते.

येत्या सत्रात प्रत्येक केंद्राने सातवीच्या एका प्रकल्पासाठी एक निकषपत्रक तयार करावे, ते दोन शाळांत लावून पाहावे आणि कोणते शब्द बदलावे लागले त्याची नोंद ठेवावी, एवढीच सूचना आहे. आरंभी वेळ अधिक लागेल. चाळीस वह्यांस एका सायंकाळीऐवजी दोन सायंकाळी द्याव्या लागतील. परंतु ढिगाच्या तळाशी असलेल्या साध्या वहीपर्यंत शिक्षकांचे लक्ष सारख्याच ताजेपणाने पोहोचले, तर ती दुसरी सायंकाळ सत्कारणी लागली असे समजावे.